निरर्थक आवाजांचा रकाना

मी मुळातच जळकी बाई आहे. हे दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही, माझं मला लहानपणापासून माहीत आहे. शाळेत शेजारच्या मुलीच्या वहीवर बाईंनी 'छान' लिहिलं की माझ्या पोटात दुखायचं. माझ्या वहीवर 'उत्तम' लिहिलेलं असलं तरी दुखायचं. लग्नानंतर जावेची भाकरी फुगली आणि माझी चिरली, तर दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नव्हते. पण हे सगळं किरकोळ होतं. मत्सर म्हणजे खरोखर काय चीज असते, ते मला औरंगपुऱ्यातल्या एका अरुंद जिन्यावरच्या तीन खोल्यांत कळलं.

खाली कापडाचं दुकान होतं आणि वर लहान मुलांचं केंद्र. ऑटिझम असलेली, शाळेत जायच्या आधीच्या वयाची मुलं तिथं यायची. आणि तिथं सगळ्या जणी मला 'आई' म्हणायच्या. 'आई, चपला इथं काढा.' 'आई, डबा आणलाय ना?' 'आई, उद्या जरा लवकर याल का?' शिकवणारी ताई म्हणायची, फोन घेणारी मुलगी म्हणायची, जिच्या तोंडाचा अजून दुधाचा वासही गेलेला नव्हता अशी शिकाऊ पोरगीसुद्धा म्हणायची. एक माझी लेक तेवढी म्हणत नव्हती.

ती साडेतीन वर्षांची होती. दीड वर्षाची असताना चार-दोन शब्द होते, ते कधी गळून गेले ते कळलंही नाही. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला. कागदावर मराठीत 'स्वमग्नता' लिहिलं होतं, आणि त्या शब्दाचा मला इतका राग आला की तो कागद मी कपाटात साड्यांच्या खाली घातला. सासूबाई म्हणाल्या, "बोलंल की! काय घाई लागली? हिचा बाप बी लई उशिरा बोलला, आता गप बसंना झालाय." सासऱ्यांनी कुठूनसा मध आणून तिच्या जिभेला लावायला सांगितला. मी बालसंगोपन रजा टाकली.

माझी नोकरी खुलताबादच्या एका सरकारी कार्यालयात, आवक-जावक टेबलावर. येणाऱ्या प्रत्येक कागदाला नंबर द्यायचा, शिक्का मारायचा, विषय लिहायचा, कोणत्या टेबलाचा आहे ते ओळखायचं आणि तिकडं पाठवायचा. अकरा वर्षांत माझ्या हातून एक कागद चुकीच्या टेबलावर गेला नाही. साहेब आले, गेले, माझ्या रजिस्टरचं नाव सगळ्यांनी काढलं. मी हे मिरवते, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

तर रोज दुपारी मुकुंदवाडीतून रिक्षा करून मी लेकीला घेऊन औरंगपुऱ्यात यायची. गर्दीत हॉर्न वाजले की ती दोन्ही कानांवर हात दाबून रिक्षाच्या लोखंडी दांड्याला गाल लावून बसायची. तिला पाणी आवडायचं. वाहतं पाणी. नळाची धार बोटांनी कापत ती अर्धा तास उभी राहू शकायची, आणि मी तो अर्धा तास तिच्या चेहऱ्याकडं बघत राहू शकायची.

मला तिच्याकडून एकच हवं होतं. तिनं माझ्याकडं काहीतरी मागावं. 'आई' म्हणाली नाही तरी चालेल, पण 'दे' म्हणावं, हात पसरावा, माझ्या तोंडाकडं बघावं. केंद्रातल्या बाकावर माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईचा मुलगा महिन्याभरात 'चल' म्हणायला लागला होता. ती बाई पेढे घेऊन आली. मी पेढा खाल्ला, तोंड भरून 'अभिनंदन' म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसायला लागले.

ताईनं पहिल्याच आठवड्यात माझा दोष काढला. ताई म्हणजे माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान पोरगी, पण मुलांच्या बाबतीत तिला बारीक नजर होती. म्हणाली, "आई, तिला मागायची वेळच येत नाही. तुम्ही आधीच देता."

खरं सांगते, मला ते कौतुकच वाटलं. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात. मी रडायच्या आधी पाजणारी आई होते. लेकीनं फ्रिजकडं मान वळवली की दूध बाहेर. दाराकडं बघितलं की तिच्या पायात चपला. तिला काय पाहिजे हे तिच्या आधी मला कळतं, याचा मला केवढा गर्व! ताई म्हणाली, तिला आवडतं ते घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा. दिसलं पाहिजे, पण तिला उघडता आलं नाही पाहिजे. ती बरणी घेऊन तुमच्याकडं येईल. मग लगेच उघडू नका. तिच्याकडं बघा, थांबा, मनातल्या मनात दहापर्यंत मोजा.

मी तीनपर्यंत पोचायची. तीनच्या पुढं माझ्या हातांना दम निघायचा नाही. झाकण उघडून कुरमुरे तिच्या ओंजळीत पडलेले असायचे आणि ताई कपाळाला हात लावून बसलेली असायची.

बरणी जमली नाही, पण दुसरी एक गोष्ट मला फार छान जमली. ताईनं सांगितलं होतं की घरी ती जे काही आवाज काढेल ते एका वहीत लिहा. काय आवाज, कधी, तेव्हा काय चाललं होतं. मी दोनशे पानी वही आणली. लाल पेनानं समास आखला. दिनांक, वेळ, ठिकाण, आवाज. आणि शेवटी दोन रकाने पाडले: 'अर्थपूर्ण' आणि 'निरर्थक'. हे दोन रकाने ताईनं सांगितले नव्हते, ते माझं डोकं. कागद आला की त्याचं टेबल ठरवल्याशिवाय मला चैन पडत नाही. ताईनं ती वही बाकावरच्या इतर आयांना दाखवली आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. पेढेवालीनं वही हातात घेऊन नुसतं 'हं' केलं, ते मला पेढ्यापेक्षा गोड लागलं.

'अर्थपूर्ण' रकाना कोराच होता. 'निरर्थक'मध्ये 'ऊंऽऽ', 'बाबाबा', 'टिक्', आणि पुढं पुढं एक 'ओना'. मी प्रत्येक वेळी वेळ आणि ठिकाण लिहून खूण करायची. रजेवर होते म्हणून काय झालं, हात तोच होता.

आता खाला. केंद्रात झाडलोट करायला, कप विसळायला आणि मुलांचे हातपाय धुवायला जुन्या शहरातून एक बाई यायची. साठीच्या आसपासची. आल्या आल्या काळा बुरखा जिन्याजवळच्या खुंटीला अडकवायची, डोक्याची ओढणी गच्च बांधायची आणि बादली भरायला लागायची. तिला सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. गुडघे दुखायचे म्हणून ती सगळं हळू करायची. मुलांचे लाड वगैरे अजिबात नाही. मुलं पायात आली तर 'हट' म्हणायची. मला ती पहिल्या दिवसापासून दिसत होती, पण मी तिच्याकडं कधी बघितलं नव्हतं. जळण्यासारखं तिच्यात मला काही सापडलंच नव्हतं.

एके दिवशी तासाची वेळ संपत आली म्हणून मी पडदा बाजूला करून आत डोकावले. मागच्या खोलीत हात धुवायचं बेसिन होतं. त्याचा नळ जुना, पितळी, इतका घट्ट की मोठ्या माणसालासुद्धा दोन हात लावावे लागत. खाला तिथं फरशीचं फडकं पिळत उभी होती. माझी लेक तिच्या बाजूला. नळ बंद.

"क्या होना?" खाला म्हणाली. तिनं मान वळवली नाही, हातातलं फडकं सोडलं नाही. आमच्या गावात दुकानदार गिऱ्हाइकाला विचारतो ना, काय पाहिजे म्हणून, तसं.

लेक गप्प. खालानं दुसरं फडकं घेतलं. भिजवलं, पिळलं. "क्या होना, बोल." पुन्हा गप्प. तिसरं फडकं. मी असते तर एव्हाना नळ सोडून, फ्रॉक भिजवून, टॉवेलनं पुसून मोकळी झाले असते. आणि मग माझ्या लेकीनं खालाच्या कोपराला हात लावला. मान वर केली. तिच्या तोंडाकडं, सरळ डोळ्यांत बघितलं आणि ओठ हलवले. काय म्हणाली ते खालच्या रस्त्यावरच्या गलक्यात मला ऐकू आलं नाही.

"हौ, तो ऐसा बोल ना," म्हणत खालानं दोन्ही हातांनी नळ सोडला.

ताई माझ्यामागं येऊन उभी राहिलेली. तिचे डोळे भरले होते. "आई, बघितलंत? ती 'होना' म्हणाली! खालाकडं पाणी मागितलं तिनं. चार-पाच दिवस चाललंय, मी तुम्हाला आज सांगणारच होते."

मी हसले. हसावं लागतं. पण मला जे झालं त्याला मत्सराशिवाय दुसरं नाव नाही. नऊ महिने पोटात मी वाढवली, रजा मी टाकली, बरणी मी आणली, वही मी आखली, आणि मागितलं कुणाकडं? तर फरशी पुसणाऱ्या बाईकडं, जिला माझ्या लेकीचं वयसुद्धा माहीत नव्हतं. रिक्षात लेक माझ्या मांडीवर होती आणि मी तिच्यावर रुसून बाहेर बघत बसले होते. साडेतीन वर्षांच्या पोरीवर! घरी गेल्यावर नवऱ्यालाही सांगितलं नाही. आनंदाची बातमी होती, पण ती माझ्या तोंडातून निघेना.

दुसऱ्या दिवशी मी केंद्राच्या मुख्य बाईंपुढं जाऊन बसले आणि म्हणाले, "आमच्या घरी शुद्ध मराठी बोलतात. मुलीला एका वेळी एकच भाषा ऐकू द्या, असं मला डॉक्टरांनी सांगितलंय. इथं तिच्या कानावर भलतंच पडतंय."

हे अगदीच खोटं होतं असं नाही. माझे वडील आमच्या वस्तीतले पहिले मॅट्रिक. 'व्हय', 'नाय', 'लई' म्हटलं की ते आम्हा भावंडांना थांबवायचे आणि वाक्य पुन्हा म्हणायला लावायचे. विहारात चारचौघांत माझं पाठांतर झालं की त्यांची मान ताठ व्हायची. आपल्या लोकांना भाषेवरून कुणी हसू नये, एवढंच त्यांना पाहिजे होतं. ती मोठी गोष्ट होती आणि तिचा मी असा उपयोग केला. माझ्या मनात वडील नव्हते की भाषा नव्हती. माझ्या मनात ते कोपर होतं, ज्याला माझ्या लेकीनं हात लावला होता.

ताई मध्ये पडली. "आई, शब्द कुठला का असेना, मागणं महत्त्वाचं आहे." मी ऐकलं नाही. मी सरकारी माणूस. बोलून भागलं नाही की काय करायचं ते मला माहीत आहे. मी लेखी अर्ज दिला. विषय: पाल्याच्या भाषेबाबत. लेखी म्हटल्यावर मुख्य बाई घाबरल्या. त्यांनी खालाला सांगितलं की तासाच्या वेळात मुलांशी बोलायचं नाही.

खालानं पाळलं. नुसतं नाही, काटेकोर पाळलं. माझी लेक बेसिनपाशी जाऊन उभी राहायची. खाला यायची, फडकं पिळायची, खाली बघून निघून जायची. लेक नळाकडं बघायची, मग खालाच्या पाठीकडं. तीन-चार दिवस हे चाललं. मग ती बेसिनकडं जाईनाशी झाली. खोलीच्या कोपऱ्यात पंख्याच्या सावलीकडं बघत बसायची. मला वाटलं, नवीन काही दिसलं असेल.

घरीही ती शांत झाली. तीन आठवडे असे गेले. महिन्याच्या शेवटी मी वही घेऊन ताईसमोर बसले. शेवटच्या पानावर, लाल शाईत, मी लिहिलं होतं: 'निरर्थक आवाज: निरंक.' कार्यालयात काही नसलं की आम्ही निरंक लिहितो. प्रगती म्हणून दाखवायला आणलं होतं मी ते.

ताईनं पानं मागं उलटली. बोट ठेवून वाचायला लागली. आधी मनात, मग मोठ्यानं. "सकाळी साडेआठ. फ्रिजजवळ. ओना. दुपारी बारा. माठाजवळ. ओना. संध्याकाळी सहा. बरणी हातात, माझी ओढणी ओढून. ओना." तिनं पान उलटलं. पुढच्या पानावर तेच. त्याच्या पुढच्या पानावर तेच. माझं अक्षर इतकं सुंदर की कुठं अडखळायचीसुद्धा सोय नाही.

"आई," ती हळूच म्हणाली, "ती होना म्हणत होती. तिला अजून 'ह' येत नाही. ती तुमच्याकडं मागत होती."

वाचणाऱ्याला वाटेल, बाई एवढी बथ्थड कशी? 'होना' कानावर पडलं, 'ओना' हातानं लिहिलं, आणि जोडता आलं नाही? नाही आलं. खालाचा शब्द माझ्या घरात येऊ शकतो हेच मला मान्य नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मी तर कळशाला नंबर देऊन, शिक्का मारून चुकीच्या टेबलावर पाठवला होता. चार पानं. चार पानं भरून माझी लेक मला हाक मारत होती, आणि मी तारीख-वेळ लिहून घेत होते.

मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. आणि सगळं सांगायचंच तर, त्या लाजेच्या तळाशीही मत्सर होताच: जे मला कळलं नाही, ते तिला फडकं पिळता पिळता कळलं.

त्या संध्याकाळी मी घरी बरणी घेऊन बसले आणि लेकीला विचारलं, "काय होना?" तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मी पुन्हा विचारलं. दहापर्यंत मोजलं, वीसपर्यंत मोजलं. रडून विचारलं. नवरा कंपनीतून आला होता, दारात उभा राहून ऐकत होता. त्याला सगळं सांगितल्यावर म्हणाला, "तू विचारत नाय तिला. तू परीक्षा घेती. खाला विचारती, कारण तिला खरंच म्हाईत नसतं." मला त्याचाही राग आला, कारण तो बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मुलं यायच्या आधी, मी एकटी केंद्रात गेले. खाला मागच्या खोलीत कप विसळत होती.

"खाला."

"बोलो बाई."

मी घरून वाक्यं तयार करून आणली होती, शुद्ध, कर्ता-कर्म-क्रियापद सगळं जागेवर. एकही आठवेना. खालानं कप पालथे घातले, फडकं घेतलं.

"क्या होना तुमकू?"

तिनं मुद्दाम विचारलं नसेल. ती सगळ्यांना तसंच विचारते. पण मी तिथं फ्रॉकचा घेर मुठीत धरलेल्या लहान मुलीसारखी उभी राहिले, आणि ती पिळत राहिली. मला कुणाकडं काही मागायची सवय नाही. माहेरी नव्हती, सासरी नाही. शेवटी म्हणाले, "माझ्या लेकीशी बोला. पहिल्यासारखं."

"तुमीच तो कागज दिये थे ना."

"हो."

"मेरेकू पढना नै आता. पन वो कागज मेरे बारे में था, इत्ता समजा." तिनं फडकं दोरीवर टाकलं. "घर में चार पोत्रे-पोत्रियां हैं. उनकू भी मैं ऐसाच बोलती. तुमारी बच्ची कू मैंने खराब क्या बोला?"

"काही नाही. माझं चुकलं, खाला."

मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ द्या, होतं असं. म्हातारी माणसं म्हणतात. ती म्हणाली, "हौ. चुक्याच." आणि बादली उचलून पुढच्या खोलीत गेली. दाराशी थांबून मागं न बघता म्हणाली, "दोपेर कू लाव बच्ची कू."

मी अर्ज मागं घेतल्याचा अर्ज दिला. ताई हसली, मी नाही हसले.

लेक लगेच गेली नाही बेसिनकडं. का जाईल? एकदा दार बंद झालेलं तिनं बघितलं होतं. पहिले काही दिवस खाला फडकी पिळत भिंतीला विचारायची, "क्या होना?" आणि निघून जायची. तिनं लेकीला बोलावलं नाही, हाताला धरून आणलं नाही. मी पडद्याआड उभी राहून ओठ चावायची. जा ना बाई, जा ना, विचारतायत ना त्या. पण पडद्याच्या अलीकडंच राहिले. तेवढं शिकले होते. एका दुपारी पंख्याची सावली सोडून लेक उठली, बेसिनपाशी गेली आणि खालाच्या कोपराला तिनं हात लावला.

"ओना."

या वेळी मी ऐकलं. 'ह' नव्हता, पण शब्द पुरा होता. आनंद झाला. जळफळाटही झाला. दोन्ही एकदम होतात, याची मला आता खात्री आहे. माझ्या पोटात जागा कमी नाही. ताई म्हणाली, आता घरी तुम्हीही हातात काम ठेवून विचारा. मी पोळ्या लाटत विचारलं, कणीक मळत विचारलं. पोळ्या चांगल्या व्हायला लागल्या, बाकी काही नाही. घरातला तिचा शब्द मी घालवला तो घालवला. केंद्रात मात्र रोज खालाकडं मागणं चाललेलं, नळ सुटत होता, आणि मी टॉवेल घेऊन तीन हात लांबून बघत होते.

अशाच एका दिवशी खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. लेकीच्या बाह्या भिजल्या होत्या. खाला पलीकडं फडकं पिळत होती. मी नेहमीसारखी पुढं झाले, एका हातानं टॉवेल तिच्या तोंडाला लावला आणि दुसरा हात बंद करायला नळाकडं नेला. कुणी सांगितलं नव्हतं. माझे हात तसेच आहेत.

तिनं माझं मनगट धरलं. ओली, गार बोटं. वर बघितलं, अगदी डोळ्यांत नाही, माझ्या हनुवटीपर्यंत.

"नक्को," म्हणाली.

स्पष्ट. दोन्ही 'क' जागच्या जागी. आमच्या घरी नको म्हणतात, एका 'क'चं. हा दुसरा 'क' खालाच्या घरचा होता. वडील असते तर त्यांनी तो काढून टाकायला लावला असता. मी नाही लावला. तिनं मला काहीतरी सांगितलं होतं. ताईला नाही, खालाला नाही. माझं मनगट धरून, मला.

"बरं," मी म्हणाले. "नको तर नको." आणि दोन्ही हात मागं घेतले. ती पुन्हा धार कापायला लागली. रिक्षावाला वाजवत राहिला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि टॉवेल हातात असून मला पुसायचं सुचत नव्हतं.

खालानं सगळं बघितलं होतं. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलेल. हातातलं फडकं पिळून झालं होतं, ते तिनं पुन्हा पिळलं.

"मेरेकू तो आजतक नक्को नै बोली," ती म्हणाली. आणि भिंतीकडं बघत, "एक बार भी नै."

त्या फडक्यात पाण्याचा एक थेंब उरला नव्हता, तरी ती पिळत होती. हा आवाज मी कुठंही ओळखेन. खालाच्या पोटात दुखत होतं. आणि मला, खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.